यरुशलेममधला ईस्टर आणि आजींची व्हीलचेअर

शनिवार, 12 एप्रिल 2014

पहाटे तेल अवीवला उतरलो. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक छोटी निळी चिठ्ठी देतात, ती मी बायबलमध्ये ठेवली. ग्रुपमध्ये आम्ही 31 जण, बहुतेक आपल्याच मंडळीतले, म्हणजे आपल्या चर्चमधले, सोबत पाळकसाहेब आणि त्यांच्या मिसेस. या वर्षी आपला ईस्टर आणि ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांचा ईस्टर एकाच तारखेला येतोय, 20 एप्रिलला, त्यामुळे गर्दी डबल असणार असं गाइडने बसमध्येच सांगून टाकलं.

मी यायला तयार नव्हते हे आधीच सांगते. मुलीने परस्पर नाव नोंदवलं. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले होते आणि त्याआधीची अडीच वर्षं मी फक्त त्यांचं आजारपण केलं, नळी, पॅड, कूस बदलणं, रात्रीची औषधं, सगळं. ते गेल्यावर मी मनाशी ठरवलं होतं की आता परत कुठल्या आजारी माणसाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मंडळीतल्या आजारी लोकांना भेटायला जाणारा बायकांचा गट होता, त्यातूनही नाव काढून घेतलं. प्रार्थना करायचे पण आतून काही वाटायचं नाही, कोरड्या विहिरीत पोहरा सोडल्यासारखं.

आणि रूम पार्टनर म्हणून मिळाल्या कोण, तर 78 वर्षांच्या आजी, दोन्ही गुडघे गेलेले. एकट्या बायका आम्ही दोघीच होतो ना, मग दुसरं काय होणार.

रविवार, 13 एप्रिल – झावळ्यांचा रविवार

बेथफगेपासून जैतुनांच्या डोंगरावरून खाली शहराकडे मिरवणूक निघते, ती सिंहद्वाराजवळच्या सेंट अ‍ॅन चर्चपर्यंत जाते. हातात खजुराच्या झावळ्या, जैतुनाच्या डहाळ्या, कोण अरबीत गातंय, कोण स्पॅनिशमध्ये, कोण फिलिपिनो, आणि मधेच होसान्ना आलं की सगळ्या भाषा एक व्हायच्या, अंगावर काटा येत होता. हॉटेलने आजींसाठी व्हीलचेअर दिली होती आणि ग्रुपमधली दोन तरुण मुलं हौसेने ढकलत होती, पण पुढे तो उतार आला. तो उतार भयंकर आहे. मुलं खुर्ची सरळ खाली न्यायला लागली, आजींनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "उलटी फिरवा! उतारावर खुर्ची उलटी न्यायची असते, माणसाची पाठ उताराकडे करायची." आणि मग मीच खुर्ची धरली आणि मागे मागे चालत त्यांना खाली आणलं. अर्ध्या वाटेवर डोमिनुस फ्लेवित म्हणून छोटं चर्च आहे, प्रभू यरुशलेम बघून रडला त्याची आठवण म्हणून, 1955 चं, बांधणाऱ्याने त्याला अश्रूचा आकार दिलाय. सगळे तिथे फोटो काढत होते, मी आजींच्या खुर्चीच्या चाकाखाली दगड लावत होते.

खाली पोचल्यावर आजी म्हणाल्या, "तुला येतं गं हे सगळं." मी काही बोलले नाही.

सोमवार ते बुधवार

हे तीन दिवस पटकन सांगते. बेथलेहेम, मृत समुद्र, यार्देन नदी, सगळं झालं, छान झालं. सोमवारी संध्याकाळपासून यहुदी लोकांचा वल्हांडण सण सुरू झाला आणि हॉटेलमध्ये पाव एकदम बंद, टेबलावर फक्त मात्झा, म्हणजे खमीर न घातलेल्या कडक पातळ चकत्या. लहानपणापासून बेखमीर भाकर हा शब्द वाचलाय पण तो दाताखाली पहिल्यांदाच आला.

बेथानीत मात्र थोडी थांबते. त्या गावाचं आजचं नाव अल-ऐझरिया, म्हणजे प्रभूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराचंच नाव अरबीत राहिलंय. डोंगरापलीकडे चालत गेलं तर अगदी जवळ, पण मधे इस्राएलने बांधलेली विभाजक भिंत उभी आहे त्यामुळे बस लांबून फिरून जाते. लाजराच्या कबरेत उतरायला वीसपंचवीस झिजलेल्या उंचसखल पायऱ्या आहेत, आजींना शक्यच नव्हतं, मी उतरले. खाली वाकून आत शिरायचं, हवा दमट, दोन माणसं मावतील एवढी जागा. तिथे मला एकच आठवलं की प्रभूने लाजराला बाहेर बोलावलं, पण त्याच्या अंगावरच्या पट्ट्या सोडायचं काम बाजूच्या लोकांना दिलं. एवढ्या वेळा बायबलमधला योहान 11 वाचला, ते वाक्य कधी थांबून वाचलंच नव्हतं.

गुरुवार, 17 एप्रिल

सकाळी सियोन डोंगरावरची माडीवरची खोली पाहिली, प्रभूचं शेवटचं भोजन जिथे झालं म्हणतात ती. आत्ताची इमारत क्रुसेडरांच्या काळातली आहे, उंच कमानी, मग तुर्कांच्या काळात तिथे मशीद होती म्हणून भिंतीत मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, पण आहे, आणि खालच्या मजल्यावर दावीदाची कबर म्हणून यहुदी लोक प्रार्थना करतात. पाळकसाहेबांनी योहान 13 वाचला, प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तो अध्याय, हळू आवाजात, कारण शेजारी आणखी चार ग्रुप चार भाषांत तेच वाचत होते.

संध्याकाळी हॉटेलच्या छोट्या हॉलमध्ये प्रभुभोजन झालं, मात्झाच मोडला. मग पाय धुण्याचा विधी, बारा जण खुर्च्यांवर, प्रत्येकाचा एकच पाय, वर दोन थेंब पाणी, पांढरा नॅपकिन. पाळकसाहेबांनी मनापासून केलं, सगळ्यांचे डोळे भरून आले. माझे नाही. मी रात्रीच्या बसचं टायमिंग बघत होते.

रात्री गेथशेमाने, प्रभूला पकडलं ती बाग. बागेत जैतुनाची आठ फार जुनी झाडं आहेत, त्यातल्या तीन झाडांची तपासणी झाली तेव्हा खोडाचं वय साधारण 900 वर्षं निघालं, मुळं त्याहून जुनी असू शकतात म्हणे. शेजारच्या चर्चच्या काचा मुद्दाम गडद जांभळ्या ठेवल्यात म्हणजे आत कायम रात्र वाटावी. खूप वेळ गप्प बसलो. तिथून लोक मेणबत्त्या घेऊन गालिकांतूच्या चर्चकडे चालत निघाले, म्हणजे जिथे शिष्य पेत्राने प्रभूला नाकारलं आणि कोंबडा आरवला असं मानतात तिथे, आम्ही मात्र बसने परत आलो कारण आजींना बसवत नव्हतं.

रूमवर यायला बारा वाजून गेले. आजींचा बूट निघेना. कसाबसा काढला तर पाय टम्म सुजलेला आणि टाचेवर फोड आलेला, फुटायच्या बेतात. दिवसभर बोलल्या नाहीत, ग्रुपला त्रास नको म्हणून. बादली कुठली, हॉटेलच्या बाथरूममध्ये फक्त शॉवर. मग कचऱ्याचा डबा घासला, त्याला आतून नवीन पिशवी लावली, कोमट पाणी घेतलं आणि जमिनीवर बसले. घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला, खड्डा तसाच राहिला. हे मला माहीत होतं. ह्यांच्या पायावर रोज सकाळी मी हेच बघायचे, खड्डा किती वेळाने भरतो ते मनात मोजायचे. हातांनी सगळं आपोआप केलं, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, फोडाच्या कडेने टिपायचं पण घासायचं नाही, पायाखाली दोन उशा, पाय छातीच्या वर. आजी डोळे मिटून पडल्या होत्या आणि मला इतका राग आला होता म्हणून सांगू, देवाचाच राग. एवढ्या लांब आले या सगळ्यातून सुटायला आणि तू परत तेच माझ्या हातात दिलंस.

शुक्रवार, 18 एप्रिल – गुड फ्रायडे

आमच्या ट्रिपचा सगळ्यात मोठा दिवस हाच, वधस्तंभाच्या वाटेने चालत गुलगुथापर्यंत, म्हणजे प्रभूला क्रूसावर दिलं तिथपर्यंत. वाटेत थांबून प्रार्थना करायची ठरलेली ठिकाणं आहेत. डॉक्टरला फोनवर विचारलं होतं, ते म्हणाले सूज उतरतेय, बसवून न्या, चालवू नका. जुन्या शहराच्या दगडी गल्ल्या, ग्रीक, रशियन, सर्बियन, कॉप्टिक, आपले, सगळे एकाच दिवशी, ठिकठिकाणी पोलिसांचे कठडे, आणि त्यातून आमची व्हीलचेअर. पहिल्या चार ठिकाणांपर्यंत कसं तरी आलो. पाचव्या ठिकाणी गल्ली उजवीकडे वळते आणि तिथून पुढे चढ आणि पायऱ्या सुरू होतात. गाइड म्हणाला इथून खुर्ची जाणार नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "ताई थांबतील ना आजींजवळ, त्यांना सवय आहे."

सवय आहे. हे दोन शब्द मला इतके लागले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे आज कळतं, पण त्या क्षणी मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले कारण डोळ्यातलं पाणी आजींना दिसू द्यायचं नव्हतं. ग्रुप लाकडी क्रूस घेऊन वर गेला, गाण्याचा आवाज हळूहळू लांब गेला.

आणि मी ज्या भिंतीकडे तोंड करून उभी होते ती कुरेनेकर शिमोनाच्या चॅपलची भिंत. फ्रान्सिस्कन, म्हणजे एका कॅथलिक संन्यासी संघाच्या लोकांचं छोटंसं चॅपल, 1895 चं, दारावर लॅटिनमध्ये लिहिलंय की शिमोनावर क्रूस लादला जातो. दाराच्या उजव्या बाजूला भिंतीत एक दगड आहे, त्यात तळहाताएवढा खळगा, पडताना प्रभूने तिथे हात टेकला अशी परंपरा आहे, आणि शेकडो वर्षं लोकांनी हात लावून लावून तो खळगा गुळगुळीत आणि थोडा तेलकट झालाय. येणारा जाणारा प्रत्येक जण हात ठेवत होता. मी पण ठेवला. थंड होता.

शिमोन कोण होता, तर कुरेनेहून आलेला, म्हणजे आजच्या लिबियातून, सणासाठी आला असेल बिचारा, माझ्यासारखाच यात्रेकरू, आणि शुभवर्तमान लिहिणारा मार्क सांगतो की तो शेतावरून येत होता आणि प्रभूचा क्रूस वाहायला त्याला धरून आणलं. त्याने हात वर केला नव्हता, त्याला कुणी विचारलंही नाही. त्याच्या मनात काय चाललं असेल, हेच ना की मीच का, मी तर फक्त चाललो होतो. आणि त्याच मार्कने पुढे त्याच्या मुलांची नावं दिलीत, आलेक्सांद्र आणि रूफ, म्हणजे नंतर मंडळीत ती घरातली माणसं झाली असणार, नाहीतर नावं कशाला लिहिली असती. जबरदस्तीने उचललेल्या ओझ्याने एक पूर्ण घर आत आलं असं मला तिथे उभ्या उभ्या वाटलं.

आजींनी विचारलं, "रडतेस?" मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "रड. मी बघते गर्दीकडे." आणि खरंच त्या खुर्ची आडवी करून माझ्यासमोर बसल्या, म्हणजे लोकांचा धक्का मला लागू नये.

शनिवार, 19 एप्रिल

आज ऑर्थोडॉक्स लोकांचा पवित्र अग्नीचा दिवस, दुपारी प्रभूच्या कबरेतून अग्नी बाहेर येतो आणि हजारो लोक मेणबत्त्या पेटवतात. वेशी सगळ्या जवळजवळ बंद. ग्रुप एका म्युझियमला गेला, आजींना घेऊन मी हवा खायला न्यू गेटच्या बाजूला गेले आणि एका कठड्याशी चाक अडकलं. एक मुलगी धावत आली, विशीतली, जर्मनीहून वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून आलेली, समोरच्या सेंट लुई हॉस्पिटलमध्ये ड्युटीला निघाली होती. ऊन फार आहे, आत येऊन पाणी प्या म्हणाली. मला काही कळायच्या आत आम्ही आत होतो.

ते हॉस्पिटल म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या माणसांची जागा आहे. सेंट जोसेफच्या सिस्टर्स चालवतात, कॅथलिक, पण बेडवर यहुदी, मुसलमान, ख्रिस्ती, सगळे शेजारी शेजारी, नर्सेस पण तशाच. वल्हांडण चालू होता म्हणून त्याची वेगळी व्यवस्था, भिंतींवर जुनी रंगवलेली चित्रं. मी दारातच थांबले. तो वास मला ओळखीचा, स्पिरिट, पावडर, आणि खाली आणखी एक वास ज्याला नाव नाही. पाय पुढे जाईना. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच अशा खोलीच्या दारात आले होते.

त्या मुलीने एका म्हाताऱ्या बाईंच्या शेजारी स्टूल घेतलं आणि त्यांच्या हाताला क्रीम लावायला लागली, सावकाश, एकेक बोट. बाईंचे डोळे अर्धे मिटलेले, बोलणं बंद झालेलं. मी दारातून बघत होते. मग त्या बाईंनी दुसरा हात चादरीवरून थोडासा उचलला, माझ्या दिशेने, बोटं उघडली आणि तसाच धरून ठेवला. मुलगी माझ्याकडे बघून फक्त हसली आणि ट्यूब पुढे केली.

मी गेले. बसले. हात कागदासारखा हलका, निळ्या शिरा वर आलेल्या, अंगठी सैल होऊन फिरत होती म्हणून ती मी एका बाजूला सरकवून धरली आणि क्रीम लावलं. त्या कोण, कुठल्या, कुठल्या धर्माच्या, मला आजही माहीत नाही. विचारलं नाही. दोनच्या पुढे कधीतरी तटबंदीच्या आतून घंटा सुरू झाल्या, एक, मग दुसरी, मग सगळ्याच, ढोल, ओरडणं, अग्नी आला होता. त्या बाईंच्या बोटांनी माझं बोट थोडं दाबलं. घंटांमुळे की कशामुळे, सांगता येत नाही.

एकदाही मला पळून जावंसं वाटलं नाही. मागे आजी खुर्चीत बसल्या बसल्या पुटपुटत प्रार्थना करत होत्या, आपल्या मराठीत, त्या खोलीत.

रविवार, 20 एप्रिल – पुनरुत्थानाचा दिवस

अंधारातच उठलो. दिमिष्क वेशीजवळ गार्डन टूम्ब म्हणून बाग आहे, काही लोक प्रभूची मानतात अशी एक कबर तिथे आहे, तिथे पहाटेची उपासना असते. ही कबर 1867 मध्ये सापडली, नंतर अभ्यासकांनी सांगितलं की ती प्रभूच्या काळापेक्षा कितीतरी आधीची असावी, तिथले लोकही ठासून दावा करत नाहीत. आजींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "इथली काय तिथली काय, रिकामी आहे ना, झालं तर." बागेची सगळी कामं वेगवेगळ्या देशांतून आलेले स्वयंसेवक करतात. उपासनेचे कागद वाटणारे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते, रिटायर झाल्यावर बायकोबरोबर आलेत, हाताच्या नखांत माती होती. त्यांना बघून मला मग्दालीया मरीया आठवली, कबरेपाशी उठलेला प्रभू तिला आधी माळीच वाटला होता.

ख्रिस्त उठला आहे, खरोखर उठला आहे, हे त्या गार हवेत कितीतरी भाषांत एकदम ऐकलं आणि मी मोठ्याने म्हणाले, खूप दिवसांनी मोठ्याने.

मला तिथे एक गोष्ट लख्ख कळली ती लिहिते. प्रभू उठला त्या पहाटे बाया कबरेकडे गेल्या कशाला होत्या? सुगंधी द्रव्यं घेऊन, मेलेल्या शरीराची शेवटची सेवा करायला. त्यांच्या मते सगळं संपलं होतं, फक्त हे एक बायकांच्या वाट्याचं काम उरलं होतं. साक्ष द्यायला म्हणून कुणी निघालं नव्हतं. आणि जे पुरुष घरात दार लावून बसले होते त्यांना नाही, या कामाला निघालेल्या बायांना आधी निरोप मिळाला, जा आणि सांगा. मी इतकी वर्षं समजत होते की देवाचं पाचारण म्हणजे व्यासपीठ, भाषण, गाणं, जे मला येत नाही. माझी ती अडीच वर्षं म्हणजे नुसतं आयुष्यातून वजा झालेलं काहीतरी.

संध्याकाळी प्रभूच्या कबरेवर बांधलेल्या पुनरुत्थानाच्या चर्चमध्ये गेलो, व्हीलचेअर अंगणापर्यंत नेता आली. आत कबरेवरच्या छोट्या इमारतीला चारी बाजूंनी लोखंडी गर्डर होते, 1947 मध्ये इंग्रजांनी लावले ते तेव्हाही तसेच होते, मोडलेल्या हाडाला फळी बांधतात ना तसे (पुढे 2017 पर्यंतच्या दुरुस्तीत ते काढले). आणि त्या चर्चची किल्ली एका मुसलमान घराण्याकडे, दार उघडायचं काम दुसऱ्या मुसलमान घराण्याकडे, जूदेह आणि नुसैबे, शेकडो वर्षं. रांग दोन-तीन तासांची होती. मी आत गेले नाही. परत अंगणात आजींजवळ येऊन बसले.

सोमवार, 21 एप्रिल

अम्माऊस, उठलेल्या प्रभूने दोन शिष्यांबरोबर भाकर मोडली ते गाव. ते नक्की कुठे यावर तीन-चार गावांचा दावा आहे, आम्ही अल-कुबैबाला गेलो कारण ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी फ्रान्सिस्कन लोक तिथे उपासना करतात आणि शेवटी आशीर्वाद दिलेले छोटे पाव वाटतात. आठवडाभर मात्झा खाल्लेल्या आमच्या हातात आलेला तो पाव! आजींनी मोडून अर्धा मला दिला.

मंगळवार, 22 एप्रिल

गालील. समुद्र म्हणतात पण गोड्या पाण्याचं सरोवर, समुद्रसपाटीच्या दोनशेहून जास्त मीटर खाली. ताबघाला काठावरच काळ्या दगडाचं छोटं चर्च आहे, 1933 चं, आत एक मोठा खडक, उठलेल्या प्रभूने शिष्यांना इथे न्याहारी दिली म्हणतात. पाळकसाहेबांनी फार सुंदर सांगितलं, की कोळशाच्या विस्तवासाठीचा मूळ ग्रीक शब्द नव्या करारात फक्त दोनदा येतो, दोन्ही योहानातच, एकदा महायाजकाच्या अंगणात जिथे पेत्राने नाकारलं आणि एकदा या काठावर. म्हणजे जिथे मोडला होता त्याच वासाजवळ प्रभूने त्याला परत बसवलं आणि तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का. मला लगेच शनिवारची ती खोली आठवली, दारातला तो वास.

बाकीचे फोटो काढत होते. मी आजींचे मोजे काढून त्यांना पाण्यात पाय सोडून बसवलं, सूज पूर्ण उतरली होती, फोडाची कातडी वाळली होती. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पाळकांनी पुढची ओळ वाचलीच नाही. तू म्हातारा होशील तेव्हा हात लांब करशील आणि दुसराच तुझी कंबर बांधील, आणि नको तिथे नेईल." मी म्हणाले हो, आहे तसं. म्हणाल्या, "माझं कोणी नाही गं. भाऊ होता, गेला. मला मरायची भीती नाही, एकटीने पडून राहायची आहे. मी हात लांब केला तर तू येशील?"

पाण्यात बारके मासे त्यांच्या पायाजवळ येऊन जात होते. मी म्हणाले, "येईन."

परत आल्यावर

गुरुवारी घरी पोचले. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना सांगितलं की माझं नाव त्या गटात परत घाला, आणि भेट देऊन प्रार्थना करून निघून यायचं असं नाही, मला बसायचंय, काम करायचंय, आणखी दोघीतिघींना शिकवायचंय. ते म्हणाले, एक कुटुंब आहे, नवरा शेवटच्या स्टेजला, बायको महिनाभर नीट झोपली नाही, तिला दोन तास मिळाले तरी पुष्कळ.

त्या संध्याकाळी ह्यांचा ड्रॉवर उघडला, चौदा महिने उघडला नव्हता. चष्मा, घड्याळ, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि कोपऱ्यात नेलकटर, दर रविवारी मी त्यांची नखं कापायचे तोच. गरम पाण्यात उकळून पुसला आणि पर्समध्ये टाकला. सकाळी नऊला बोलावलंय.